लेगोमध्ये दिल्ली दरवाजा बांधतोय – खिळ्यांचं काय करू?

खुंटीवाला

मंडळी, मागे छंदांच्या धाग्यावर तीन-चार जणांनी हळूच सांगितलं होतं की आपण या वयातही लेगो बांधतो. त्यांना आणि इतरांनाही हाक मारतोय. अडलोय.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बांधायला घेतलाय. अख्खा वाडा नाही. पाच दरवाजे आणि नऊ बुरूज बांधायचे तर राहता फ्लॅट विकावा लागेल. फक्त उत्तरेचा दरवाजा, वरचा नगारखाना आणि दोन्ही अंगांचे बुरूज. माणसं म्हणून मिनिफिग उभे करायचे, म्हणून स्केल साधारण १:४२ धरलं.

आता गणित बघा. दरवाजा साधारण २१ फूट उंच आणि १४ फूट रुंद. १:४२ ला उंची येते १५२ मिमी, रुंदी १०२ मिमी. लेगोच्या विटेवरच्या गोल खुंटीला स्टड म्हणतात, एका स्टडची जागा म्हणजे ८ मिमी. रुंदीला पावणेतेरा स्टड मिळतात, म्हणजे एका कवाडाला जेमतेम सहा. आणि खऱ्या दरवाजावर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला प्रत्येक कवाडावर नऊ बाय आठ असे ७२ खिळे आहेत. आठाची बाजू आडवी धरली तरी सहा स्टडमध्ये आठ खिळे कसे बसवायचे? एका स्टडवर एक खिळा, दोघांच्या मध्ये काही बसत नाही.

खिळे कमी करू की दरवाजा मोठा करू? की तिसरं काही आहे?

मीनल_ठाणे

वा! शेवटी कुणीतरी धागा काढला. मी आधी हात वर करते. माझ्याकडे कॅफे-वाल्या मॉड्युलर इमारतींची अख्खी गल्ली आहे, बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात. सासूबाई पाहुण्यांना ‘नातवाचं आहे’ म्हणून सांगतात. नातू सात महिन्यांचा आहे.

खिळ्यांबद्दल विचार करून लिहिते. आधी फोटो टाका.

दीडशहाणा

खिळे कमी करा. कोण मोजतंय?

खुंटीवाला

@दीडशहाणा, आपण पुण्याचे नाही वाटतं.

अनघा_र

प्रामाणिक प्रश्न, रागावू नका. ही तर मुलांची खेळणी ना? मोठी माणसं यात नक्की काय करतात? डब्यावरचं चित्र बघून जोडायचं, मग पुढे?

मीनल_ठाणे

अनघाताई, रागवायचं काय त्यात, हा प्रश्न आम्हाला लग्नात, बारशाला, लिफ्टमध्ये सगळीकडे विचारतात.

आमच्यातले दोन तट आहेत. एक डबा आणून जोडणारे. कंपनी आता मोठ्यांसाठी वेगळे डबे काढते, काळे, वर १८+ लिहिलेले, २०२० पासून. टायटॅनिक ९,०९० तुकड्यांचं, आयफेल टॉवर १०,००१ तुकड्यांचा. दुसरे स्वतःच्या डोक्यातलं बांधणारे. त्याला ‘मॉक’ म्हणतात. खुंटीवाल्यांचा दरवाजा हा मॉक. त्यात कागदावरची सूचनापुस्तिका नाही, तुकडे कुठले ते तुम्ही ठरवायचं, आणि मिळत नाहीत म्हणून रडायचंही तुम्हीच.

बहुतेकांचं असं होतं की दहावीच्या आसपास डबा माळ्यावर जातो, आणि नोकरी लागून, लग्न होऊन, स्वतःचे पैसे हातात आल्यावर कधीतरी खाली येतो. मधल्या वर्षांना आमच्यात ‘डार्क एज’ म्हणतात. आपल्याकडे अनेकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. लहानपणी लेगो नव्हतंच. होतं ते मेकॅनिक्स, हिरव्या-लाल पट्ट्या, नटबोल्ट आणि तो पिवळट पाना. त्यामुळे आमचं अंधारयुग थेट जन्मापासून सुरू होऊन पस्तिशीला संपलं.

अनघा_र

मेकॅनिक्स! तो पाना अजून घरात आहे. शिवणयंत्राच्या खणात. धन्यवाद, वाचतेय.

निवृत्त_ओव्हरसियर

खुंटीवाला, सार्वजनिक बांधकामात आयुष्य गेलं, आता घरी नातीबरोबर हे बांधतो (नात कंटाळून उठते, मी बसून राहतो). दोन गोष्टी सांगतो.

पहिली. विटा ८ मिमीच्या जाळीत बसतात, पण वीट स्वतः ८ मिमी नसते. १×१ ची वीट ७.८ मिमी, २×४ ची १५.८ बाय ३१.८. प्रत्येक बाजूला ०.१ मिमी सोडलेलं आहे. हा सांधा आहे हो, आमच्या चुन्याच्या सांध्यासारखा! तो नसता तर लांब भिंत एकमेकीला रेटून फुगली असती. आणि याच ०.२ मिमीच्या सैलपणामुळे नुसत्या १×२ विटांची लांब तटबंदी, सांधेमोड करून रचली, की हाताने हळूहळू वाकवता येते. पूर्ण गोल करण्याइतकी लांबी तुमच्या बुरुजात नाही, पण माझी नात विचारते तसं ‘भिंत कशी वाकली आबा’ असं बघणारे विचारतील. बुरुजाला बिजागरीच्या प्लेटी (प्लेट म्हणजे विटेच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पातळ तुकडा) लावून बारा-सोळा बाजूंचा करा. लांबून गोल दिसतो.

दुसरी. सांधेमोड. लेगोवाले तरुण लोक एकावर एक सरळ विटा चढवतात आणि मग भिंत फाटली म्हणून बोंबलतात. एक थर आडव्या, पुढचा अर्ध्या विटेने सरकवून, कोपऱ्यात एकाआड एक थराने दुसऱ्या भिंतीत घुसलेली वीट. हे नियम प्लॅस्टिकला पण लागू आहेत.

खिळ्यांवर माझं मत: डोळ्याला भास झाला पाहिजे. सहा बाय सात म्हणजे ४२ लावा. दगडी कामात आम्ही दर्शनी भागाचं प्रमाण बघायचो, संख्या नाही.

सातारकर_साहेबराव

विषय शनिवारवाड्याचा आणि साताऱ्याचं नाव नाही, हे बरं नव्हे.

सांगतात ते असं. वाडा सुरुवातीला पूर्ण दगडात बांधायचा बेत होता. पायाचा मजला झाला आणि तक्रार गेली शाहू महाराजांकडे, की दगडी वास्तू बांधायचा मान छत्रपतींचा, पेशव्यांचा नव्हे. मग खालचा भाग दगडी राहिला आणि वरचं सगळं विटांत झालं. वास्तुशांत १७३२ ला, पाया १० जानेवारी १७३० चा. त्यामुळे मूळ वाडाच विटांचा आहे, आणि हे श्रेय आमच्याकडे येतं. खुंटीवाल्यांनी खालच्या थरांना गडद राखाडी आणि वर विटेचा रंग घेतला नाही तर साताऱ्याहून पुन्हा पत्र येईल.

खुंटीवाला

@सातारकर, दंडवत. हे डोक्यात होतंच. खाली डार्क ब्लुइश ग्रे, अधूनमधून साधा राखाडी घालून, म्हणजे दगड एकसुरी दिसणार नाही. वर टॅन आणि मीडियम नूगा मिसळून. नगारखान्याचं लाकूड रेडिश ब्राउन.

@ओव्हरसियर काका, सांधेमोड शब्द किती दिवसांनी ऐकला. पण ४२ ला मन तयार होत नाही.

मीनल_ठाणे

रेडिश ब्राउनबद्दल सावध. त्या रंगातल्या काही वर्षांच्या तुकड्यांचा ठिसूळपणा जगभर बदनाम आहे. प्लेट काढायला गेलं की कोपरा हातात. गडद लाल आणि गडद तपकिरीतही हेच. जुनं पुरचुंडीतलं घेऊ नका, नवं घ्या, आणि नगारखाना एकदा जोडला की परत उकलायचा नाही असं ठरवूनच जोडा.

भुसावळचा_भाऊ

पैशाचं कुणी बोलत नाहीये. सरळ विचारतो, एवढ्या राखाडी विटा आणणार कुठून? दुकानातला डबा घेतला तर त्यात दहा राखाडी विटा आणि एक ड्रॅगन. मी बाजारातल्या बिनकंपनीच्या विटा वापरतो. पोत्याने मिळतात. जमतात की चांगल्या.

दीडशहाणा

आता रणकंदन. पॉपकॉर्न आणतो.

मीनल_ठाणे

भाऊ, जमतात, पण पहिल्या आठवड्यात. मग सैल पडतात किंवा इतक्या घट्ट बसतात की सुटत नाहीत. पकड हीच या खेळाची सगळी जान आहे. लेगोची १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बसते, आणि बसून राहते.

भुसावळचा_भाऊ

पकडीचं मान्य. पण ‘अस्सल-नक्कल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक सांगतो. विटेची कल्पना डेन्मार्कची नाहीच. इंग्लंडात हिलरी पेज म्हणून एक गृहस्थ, त्यांची किडीक्राफ्ट कंपनी, त्यांनी अशा विटा आधी काढल्या होत्या. लेगोवाल्या ओले कर्क ख्रिस्तियानसेन यांनी प्लॅस्टिक ओतायचं यंत्र घेतलं तेव्हा त्याबरोबर त्या विटांचे नमुने आले, आणि १९४९ ला डेन्मार्कातल्या बिलुंडमधून तशाच विटा बाजारात आल्या. आता बोला.

निवृत्त_ओव्हरसियर

भाऊंचं खरं आहे, अर्धं. त्या जुन्या विटा आतून पोकळ होत्या, एकावर एक ठेवल्या की नुसत्या टेकायच्या. खरा शोध आतल्या नळ्यांचा. खालच्या विटेच्या खुंट्या वरच्या विटेच्या भिंती आणि नळी यांच्यामध्ये दाबून धरल्या जातात. त्याचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. तिथून पुढे या खेळात मजबुती आली. ते पेटंट कधीच संपलं. म्हणून दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने जुळणाऱ्या विटा विकणं यात गैर काही नाही, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ ला मेगा ब्लॉक्स या प्रतिस्पर्धी विटांच्या बाजूने तसा निकालही दिला. चोरी वेगळी: डबा, नाव, चित्र, सगळं उचलून विकणं.

आणि खुंटीवाला, एक व्यवहाराची गोष्ट. किल्ल्याचा तट आतून भरीव दगडाचा कधी नसतो. बाहेर एक घडीव भिंत, आत एक, मध्ये दगडमातीचा भराव. तुम्हीही तेच करा. दर्शनी विटा चांगल्या, आतला भराव भाऊंच्या पोत्यातला.

खुंटीवाला

काका, हे मी लिहून घेतलं. भराव चुकूनही दिसत नाही आणि बुरुजाला वजन येतं. पण जिथे सांधा दर्शनी भिंतीशी येतो तिथे अस्सलच.

सुप्रिया_नाशिक

किमतीच्या मुद्द्यावर: आपल्याकडे डबे महाग असण्याचं एक मोठं कारण आयातशुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ ला ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं. देशी खेळणी उद्योगाला फायदा झाला असेल, माझ्या पाकिटाला नाही. मी एकदा बाहेरून सुटे तुकडे मागवले होते. पार्सल कुरिअरच्या गोदामात इतके आठवडे पडलं की मी ज्या इमारतीसाठी मागवले ती तोपर्यंत दुसऱ्या रंगात बांधून झाली होती.

सुट्या तुकड्यांसाठी ब्रिकलिंक बघा. २००० साली एका छंदिष्टाने एकट्याने उभी केलेली बाजारपेठ, २०१९ पासून लेगोच्या मालकीची. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे. २×४ वीट म्हणजे ३००१. भारतातले विक्रेतेही थोडे आहेत, त्यांच्याकडे आधी शोधा.

रॉटरडॅमकर

उशिरा आलो, पण मोक्याला. इकडे नेदरलँड्समध्ये २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस. त्या दिवशी अख्ख्या देशात कुणालाही रस्त्यावर जुनं सामान विकायची मुभा असते. लहान पोरं पदपथावर चादर पसरून स्वतःची खेळणी विकायला बसतात. मी सकाळी लवकर निघतो, सॅकमध्ये झिपच्या पिशव्या घेऊन. किलोवर लेगो मिळतं. पोरगं सात-आठ वर्षांचं, भाव करायला मात्र तुळशीबागेतल्या मावशीला हरवेल.

त्यात हमखास मिळतो जुना राखाडी. म्हणजे २००४ च्या आधीचा, जरा पिवळसर झाकेचा. त्यानंतर कंपनीने राखाडी रंग निळसर केला आणि जुने छंदिष्ट वर्षानुवर्षं त्यावरून कंपनीला शिव्या घालत होते. आजही काही घालतात. पण खुंटीवाला, तुमच्या दगडी पायासाठी हा जुना राखाडी सोनं आहे. नव्या निळसर राखाडीत जुना मिसळला की बेसॉल्टवर जशी माती-शेवाळाची झाक येते तशी येते. येत्या डिसेंबरला येतोय पुण्याला, दोन किलो आणतो.

मीनल_ठाणे

कुणाकुणाचे मित्र कसे असतात! बिलुंडला जाऊन आलात का कधी?

रॉटरडॅमकर

दोनदा गेलोय. बिलुंड म्हणजे गाव केवढं, तर विमानतळ, कारखाना, पार्क आणि लेगो हाउस. २०१७ ला उघडलं. २१ पांढऱ्या चौकोनी ठोकळ्यांची इमारत एकमेकांवर रचलेली. आत जिन्याच्या मधोमध १५ मीटरहून उंच झाड आहे, त्यात ६३ लाखांहून जास्त विटा. पोरांना ते आवडतं. मी मात्र सगळ्यात वरच्या दालनात अडकलो. तिथे कंपनीचं काही नाही, आपल्यासारख्या छंदिष्टांनी बांधलेल्या कलाकृती ठेवलेल्या आहेत. नाकाला काच लागेपर्यंत वाकून बघत होतो की छपराच्या कोपऱ्यात कुठला तुकडा वापरलाय.

बाहेर पडताना तुम्हाला सहा लाल २×४ विटा देतात, समोरच यंत्रातून पडलेल्या, आणि एक कार्ड. त्या सहा विटा एकमेकींना जोडायचे ९१,५१,०३,७६५ प्रकार आहेत, त्यातला एक तुमच्या कार्डावर छापलेला असतो, फक्त तुमचा. हा आकडा डेन्मार्कच्याच एका गणितज्ञाने, सोरेन आयलर्स यांनी काढला. कंपनी त्याआधी बरीच वर्षं जो आकडा सांगायची तो फक्त सहा थरांच्या मनोऱ्यांचा होता.

दीडशहाणा

९१ कोटी प्रकार आणि आपल्याला ७२ खिळे बसेनात.

मीनल_ठाणे

बसतात. विचार झाला. ऐका.

खुंटीवाला, तुम्ही उलट बाजूने गणित करा. माणसाच्या मापावरून दरवाजा नको, खिळ्यावरून दरवाजा. एका ओळीत आठ खिळे, एका स्टडला एक, म्हणजे कवाड ८ स्टड, दोन कवाडं मिळून १६ स्टड म्हणजे १२८ मिमी. १४ फूट म्हणजे ४,२६७ मिमी. भागा. स्केल येतं साधारण १:३३. उंची मग १९२ मिमी, वीट ९.६ मिमी धरली तर २० विटांचे थर. बरोबर वीस! १२ इंची खिळा या मापात ९ मिमीचा होतो.

कवाड आडव्या रचलेल्या विटांचं करू नका. प्लेटी उभ्या करा, स्टड तुमच्याकडे बघतील असे. त्यावर १×१ ची गोल प्लेट, खुंटीला भोक असलेली, आणि त्या भोकात शिंगाचा तुकडा. ते जे राक्षसांच्या डोक्याला, ड्रॅगनच्या पंजाला लावतात ते. त्याची काडी ३.१८ मिमीची असते, त्या भोकात नेमकी बसते. भाऊंच्या ड्रॅगनचा असाही उपयोग.

भुसावळचा_भाऊ

माझा ड्रॅगन सोडा.

खुंटीवाला

मीनलताई, हे सुचलंच नव्हतं. प्लेटी उभ्या केल्या तर जाडीचा प्रश्न सुटतो, कारण पाच प्लेटी (५ × ३.२ = १६ मिमी) म्हणजे बरोबर दोन स्टड. दाराची चौकट आडवी आणि कवाड उभं, दोन्ही एका मापात येतील.

पण १:३३ ला मिनिफिग? तो ४० मिमीचा. गुणिले ३३ म्हणजे १,३२० मिमी. चार फूट चार इंच! पेशव्यांच्या दारावर शाळकरी पोरं पहाऱ्याला उभी केल्यासारखं दिसेल.

सातारकर_साहेबराव

चालेल. आमची हरकत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

मिनिफिग काढून टाका. हे माझ्या आधीच्या मताच्या विरुद्ध जातं हे कळतंय, पण १:३३ चं गणित वीस थरांवर इतकं चोख बसतंय की मोडवत नाही. बांधकामाचा नमुना करताना आम्ही माणसं ठेवायचोच नाही. माणूस ठेवला की बघणारा माणसाकडे बघतो, वास्तूकडे नाही.

अनघा_र

पण मिनिफिगशिवाय लेगो म्हणजे... मला त्या पिवळ्या चेहऱ्यांमुळेच ते लेगो वाटतं.

रॉटरडॅमकर

अनघाताई, मिनिफिग आले १९७८ ला. त्याआधी वीस वर्षं लोक नुसत्या विटांनी बांधतच होते.

सुप्रिया_नाशिक

दिवाळीच्या किल्ल्याचा दाखला देते. आमच्या किल्ल्यावर शिवाजी महाराज सिंहासनावर दरवाजापेक्षा उंच बसायचे, पायथ्याचा वाघ बुरुजाएवढा, आणि पेरलेलं हळीव उगवलं की सगळा गड जंगलात बुडायचा. कुणी स्केल विचारलं नाही. पण ते मातीचं होतं आणि आम्ही दहा वर्षांचे होतो. आता विचारणार. मिनिफिग काढा.

खुंटीवाला

ठरलं तर. १:३३, माणसं नाहीत, ७२ दुणे १४४ खिळे. नगारखाना आणि बुरूज त्याच मापाने वाढतील, त्यामुळे आधी फक्त दरवाजा, कमान आणि दोन्हीकडे अर्धे बुरूज. नगारखान्याचं पुढच्या वर्षी.

आता कमान. लेगोच्या कमानी अर्धगोल असतात, आपली टोकदार. काय करू?

मीनल_ठाणे

तयार कमान वापरूच नका. दोन वक्र उतार घ्या, उभे करून एकमेकांकडे तोंड करून लावा. मध्ये टोक आपोआप येतं. बाजूला स्टड असलेल्या विटांवर ते अडकतात. हेडलाइट वीट किंवा ८७०८७ क्रमांकाची. आधी ब्रिकलिंकच्या स्टुडिओ या प्रोग्रॅममध्ये संगणकावर करून बघा, तुकडे एकमेकांत घुसले की तो दाखवून देतो.

एकच: दोन खुंट्यांच्या मध्ये प्लेट उभी खुपसू नका. कागदावर बसते, कारण खुंटी ४.८ मिमीची, मधली जागा ३.२ आणि प्लेटही ३.२. पण प्रत्यक्षात ताण येतो आणि काही महिन्यांनी वीट चिरते. लेगोचे डिझायनर जेमी बेरार्ड यांनी २००६ ला छंदिष्टांसमोर याच विषयावर सादरीकरण केलं होतं, कुठली जोडणी का वर्ज्य याचं, आकृत्यांसहित. शोधून वाचा. माझी अर्धी गल्ली त्यानंतर मोडून परत बांधली गेली.

निवृत्त_ओव्हरसियर

दार फिरणार कशावर? छोट्या बिजागऱ्या आठ स्टड रुंदीचं, १४४ पैकी निम्मे खिळे लागलेलं कवाड पेलणार नाहीत, खाली लटकेल. जुन्या वाड्यांची दारं वर-खाली खुंट्यावर फिरतात. तसंच करा. लेगोच्या टेक्निक मालिकेतला लांब आस उभा घाला, खालचं टोक उंबऱ्यातल्या भोकात, वरचं कमानीमागच्या तुळईत. सगळं वजन उंबऱ्यावर.

भुसावळचा_भाऊ

अवांतर. सगळ्यांनी एवढे तुकडे ठेवता कसे? माझं सगळं पोत्यातच आहे आणि एक १×१ शोधायला रविवार जातो.

सुप्रिया_नाशिक

रंगाने नाही, आकाराने लावा. सगळे नवशिके लाल एका डब्यात, निळे एका डब्यात करतात. मग लाल डब्यात लाल १×१ शोधत बसा. आकाराने लावलं की १×१ च्या ढिगात लाल डोळ्याला लगेच दिसतो. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू ठेवायचे खणांचे डबे मिळतात, ते घ्या. धुताना चाळीस अंशांपेक्षा गरम पाणी नको, आणि वाळत उन्हात नको. पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात.

दीडशहाणा

हे सगळं झाल्यावर लेगो आयडियाजवर टाका ना, छंदिष्टांच्या कल्पनांतून डबे निवडतात त्या साइटवर! ताजमहालाचा डबा २००८ ला आला होता, ५,९२२ तुकड्यांचा. मग शनिवारवाडा का नाही?

रॉटरडॅमकर

तिथे १०,००० लोकांचे पाठिंबे लागतात, मग कंपनीचं परीक्षण, आणि निवड झालीच तर निव्वळ विक्रीच्या एक टक्का. १०,००० पुणेकर एका गोष्टीवर एकमताने हो म्हणतील असं तुम्हाला वाटतं?

दीडशहाणा

माघार.

खुंटीवाला

अद्ययावत. डावं कवाड झालं, फोटो टाकलाय. प्लेटींचा थर, त्यावर गोल प्लेटी, आणि खिळ्यांच्या जागी तूर्तास १×१ चे काळे शंकू आहेत, कारण शिंगं मिळाली फक्त अकरा. दार फिरतं. काकांचा आस चोख बसलाय, कुरकूर नाही, लटकणं नाही. कमान मीनलताईंच्या पद्धतीने केली. टोक छान येतंय, पण वरच्या दोन उतारांमध्ये अर्ध्या प्लेटएवढी फट राहते. तिथे महिरपीचं फूल म्हणून १×१ ची फुलाची प्लेट लावून झाकली.

मीनल_ठाणे

फट झाकायला फूल! हेच खऱ्या गवंड्यांनीही केलं असेल, पैज लावते.

निवृत्त_ओव्हरसियर

लावू नका, हराल. पण फोटो सुंदर. सांधेमोड बघून बरं वाटलं.

सातारकर_साहेबराव

खालचा दगड नीट दिसतोय. पत्र पाठवत नाही.

दीडशहाणा

उजव्या कवाडात दिंडी दरवाजा आहे ना? येण्याजाण्याचा लहान? तो उघडतो की नुसता रंगवलाय?

खुंटीवाला

उघडणार. तोच आता मांडतोय. दिंडी तीन स्टड रुंद धरली तर तिची चौकट धरून पाच जातात, आणि वरचा काठ खिळ्यांच्या सगळ्यात खालच्या ओळीला भिडतो. त्यामुळे दोन्ही कवाडांवरची अख्खी जाळी एक स्टड वर सरकवावी लागणार. डावं परत उकलायला घेतलंय.

@रॉटरडॅमकर, राखाडी दोन किलोबरोबर शिंगंही बघाल का? काळी किंवा गडद राखाडी, जी मिळतील ती.

रॉटरडॅमकर

बघतो. १४४ वजा ११, म्हणजे १३३ ना?

खुंटीवाला

१५० आणा. इथे सोफा आहे आणि मांजर आहे.